परदेशी मालकीची सौर वीज: भीती कुठे खरी, कुठे अनाठायी

रबाळे एमआयडीसीतील आपल्या कारखान्याला सोलापूर जिल्ह्यातील एका सौर प्रकल्पातून समूह-कॅप्टिव्ह पद्धतीने, म्हणजे वीज वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात समभाग घेऊन, वीज घेण्याचा प्रस्ताव आला आहे आणि प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीची अंतिम मालकी सिंगापूरमधील एका गुंतवणूक निधीकडे आहे. आपल्या दोन भागीदारांचे म्हणणे असे, की जगाची सध्याची अवस्था पाहता २५ वर्षांसाठी परदेशी मालकाशी बांधून घेणे धोक्याचे आहे. उद्या दोन देशांचे बिनसले तर कारखान्याची वीजच त्यांच्या हातात जाईल. ही शंका कितपत बरोबर, असे आपण विचारले आहे. ऊर्जा प्रकल्पांचे करार आणि त्यांची अर्थरचना हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. भागीदारांची भीती निराधार नाही, पण त्यांनी संशय भलत्यावर धरला आहे. ज्याने पैसा घातला त्याच्या हातात, प्रकल्प उभा राहिल्यावर, फारसे काही उरत नाही. यंत्रसामग्री कोणाची आहे आणि ती दुरून चालवण्याची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

कारखाना बंद पडण्याची चिंता प्रथम बाजूला ठेवू. सोलापूरच्या पॅनेलवर तयार झालेली वीज स्वतंत्र तारेने रबाळ्याला येत नाही. ती महापारेषणच्या जाळ्यात जाते, आपण महावितरणच्या जोडणीतून वीज घेता आणि दोन्हीकडच्या मीटरचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या पट्ट्यांत जुळवला जातो. प्रकल्प एखाद्या दिवशी ठप्प झाला तरी आपली यंत्रे महावितरणच्या विजेवर चालत राहतील आणि त्या विजेसाठी आपल्याला नेहमीचा दर द्यावा लागेल. म्हणजे होणारे नुकसान दरातील फरकाचे असेल. तो फरक लहान नाही, पण अंधार आणि वाढीव बिल यांत अंतर आहे आणि निर्णय घेताना ते लक्षात राहायला हवे.

आता मालकीचा मुद्दा. ऊर्जेच्या राजकारणाविषयी आपल्या मनात जे चित्र असते, ते तेल आणि वायूच्या अनुभवातून आलेले आहे. २०२२ मध्ये रशियाने युरोपचा वायुपुरवठा टप्प्याटप्प्याने आवळला आणि जर्मनीसारख्या देशाला काही महिन्यांत धावाधाव करावी लागली, कारण वायू रोज यावा लागतो. सूर्यप्रकाश रोज आयात करावा लागत नाही. एकदा पॅनेल बसले की ते पंचवीस वर्षे वीज देते आणि पुरवठादार देशाने दुसऱ्याच दिवशी दार लावले तरी बसलेले पॅनेल बंद पडत नाही. अडतो तो पुढचा, अजून न उभारलेला प्रकल्प. शिवाय या धंद्यात जवळजवळ सगळा खर्च आरंभीच होतो. दुसऱ्याच्या शेतात विहीर खणून देणाऱ्याला ती विहीर उचलून नेता येत नाही, तशीच सौर प्रकल्पातील गुंतवणूकदाराची स्थिती असते. जमीन इथली, तारा इथल्या, गिऱ्हाईक इथले आणि परवाने इथल्या सरकारचे. पैसा येईपर्यंत गुंतवणूकदाराचे पारडे जड असते. प्रकल्प सुरू झाला की ते यजमानाकडे झुकते.

याचा पडताळा भारत आणि कॅनडा यांच्या अलीकडच्या संबंधांत मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून दोन्ही देशांत जे वितुष्ट आले, ते १४ ऑक्टोबर २०२४ रोजी दोघांनी एकमेकांच्या सहा-सहा राजनैतिक अधिकाऱ्यांना परत पाठवण्यापर्यंत गेले. याच काळात कॅनडाच्या निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणारी सीपीपी इन्व्हेस्टमेंट्स ही संस्था रीन्यू या भारतीय अक्षय ऊर्जा कंपनीची मोठी भागधारक होती. तिने घाईघाईने काढता पाय घेतला नाही. उलट डिसेंबर २०२४ मध्ये अबू धाबीची ऊर्जा कंपनी मसदार आणि अन्य भागीदारांबरोबर त्या कंपनीचे उरलेले समभाग विकत घेण्याच्या प्रस्तावात ती सामील झाली. निवृत्तांचा पैसा दोन पंतप्रधानांच्या भांडणावर हलत नाही. तो हलतो व्याजदरावर, रुपयाच्या किमतीवर आणि इथली सरकारे दिलेला शब्द पाळतात की नाही यावर.

शब्द पाळण्याबाबत महाराष्ट्रात तरी दाभोळचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. गुहागर तालुक्यातील तो प्रकल्प अक्षय ऊर्जेचा नव्हता, पण ऊर्जेतील परदेशी गुंतवणुकीचा सगळा धडा त्यात आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. दराचा मोठा भाग डॉलरशी आणि आयात इंधनाच्या किमतीशी बांधलेला होता, राज्याची हमी होती आणि वर केंद्राची प्रतिहमी होती. १९९५ मध्ये सत्तांतर झाले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये सुधारित स्वरूपात पुन्हा झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने बिल परवडत नाही म्हणून वीज घेणेच थांबवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पुढची चार वर्षे जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या भागीदार कंपन्यांनी परदेशी लवादांत भारताविरुद्ध दावे चालवले. २००५ मध्ये तडजोड होऊन प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या ताब्यात आला. या सगळ्यात नुकसान दोन्ही बाजूंचे झाले, आणि ते शत्रुराष्ट्राच्या डावामुळे झाले नाही. चलनाची सगळी जोखीम मंडळाच्या माथी मारणारा करार तोलूनमापून केलेला नव्हता आणि तो मोडण्याची पद्धतही तशीच होती.

आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. नव्या सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर विजेचे करार महाग ठरवून दर कमी करण्यासाठी समिती नेमली. प्रकल्पांत जपानी आणि इतर परदेशी भांडवल असल्यामुळे जपानच्या राजदूतांनी राज्य सरकारला नाराजीचे पत्र लिहिले आणि केंद्रानेही करार मोडू नका असे सांगितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दरम्यान उत्पादकांना पवन विजेसाठी युनिटला २.४३ रुपये आणि सौर विजेसाठी २.४४ रुपये असा अंतरिम दर मिळत राहिला, जो अनेकांच्या कराराच्या दराच्या निम्म्याच्या आसपास होता. मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने उत्पादकांच्या बाजूने निकाल दिला. न्याय मिळाला, पण पावणेतीन वर्षांनी, आणि तोवर बँकांचे हप्ते थांबलेले नव्हते. त्यानंतर ज्या ज्या परदेशी निधीशी माझा संबंध आला, त्या प्रत्येकाच्या प्रश्नावलीत आंध्रचा प्रश्न होता. अशा प्रश्नांची किंमत शेवटी दरात मिसळते. हे भारतातच घडते असे नाही. स्पेनने २०१० नंतर सौर प्रकल्पांना कबूल केलेले अनुदान कापले, तेव्हा त्याच्यावर ऊर्जा सनद कराराखाली (ऊर्जेतील परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) ५० हून अधिक लवाद दावे झाले आणि त्यांतल्या काहींची वसुली आजही चालू आहे.

भारताने त्यातून घेतलेली भूमिका सावध आहे. २०१५ च्या नमुना द्विपक्षीय गुंतवणूक करारानुसार परदेशी गुंतवणूकदाराने आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षे इथल्या न्यायालयांचा मार्ग चोखाळायला हवा, आणि त्यानंतरच्या काळात भारताने बहुतेक जुने द्विपक्षीय गुंतवणूक करार संपुष्टात आणले. संयुक्त अरब अमिरातीशी ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आणली आहे. आखाती सार्वभौम निधी भारतातील हरित ऊर्जेचे मोठे गुंतवणूकदार आहेत, हे ध्यानात घेतले की ही सवलत त्यांना का मिळाली ते समजते.

चलनाचे गणित एका उदाहरणाने सांगतो, कारण आपल्या प्रस्तावातील दरवाढीच्या कलमामागे तेच आहे. २०१४ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. समजा, एखाद्या प्रकल्पाचा दर युनिटला ३ रुपये असा पंचवीस वर्षांसाठी बांधलेला आहे. त्याच ३ रुपयांचे परदेशी मालकाच्या हाती आधी ५ सेंट पडत होते, आता साडेतीन सेंटही पडत नाहीत. दाभोळमध्ये ही घसरण मंडळाने सोसायची होती. आजच्या सौर करारांत ती गुंतवणूकदार सोसतो किंवा विनिमय संरक्षणासाठी, म्हणजे रुपया घसरला तरी तोटा होऊ नये म्हणून, दरवर्षी पैसे मोजतो. आपल्या मसुद्यात दर डॉलरशी जोडणारे एकही वाक्य असेल, तर त्याला ठाम नकार द्या.

येथवर पैशाचे झाले. यंत्रांची गोष्ट वेगळी आहे आणि भागीदारांची भीती खरी ठरते ती इथे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दाखवून दिले, की सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे; पॉलिसिलिकॉन (शुद्ध सिलिकॉन) आणि वेफर (त्याच्या पातळ चकत्या) या आधीच्या टप्प्यांत तो ९५ टक्क्यांच्या दिशेने चालला आहे. सिंगापूरचा निधी असो, जपानची कंपनी असो वा आपली अस्सल देशी कंपनी, प्रत्येकाच्या पॅनेलच्या मुळाशी गेले की बहुधा तोच देश निघतो. भारताने हे ओळखून एकामागून एक भिंती उभारल्या. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने नियम केला, की ज्या देशांच्या सीमा भारताला लागून आहेत, तिथली गुंतवणूक, आणि अंतिम लाभधारक तिथला असेल तर अन्य देशांतून आलेली गुंतवणूकसुद्धा, सरकारी परवानगीशिवाय येणार नाही. १ एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर (वेफरपासून बनणारा, पॅनेलमध्ये वीज तयार करणारा घटक) २५ टक्के सीमाशुल्क बसले. ज्यांचाच माल प्रकल्पांत वापरायचा, अशा मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आली. तिच्यात आधी पॅनेलपुरते बंधन होते, ते १ जून २०२६ पासून सेललाही लागू होते.

या भिंतींचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतील देशी पॅनेल कारखान्यांची क्षमता १०० गिगावॅटवर गेली. पण सेलची क्षमता तेव्हा त्याच्या पावपटीच्या आसपास होती आणि वेफर तर नावापुरते होते. न्हावा शेव्याच्या बंदरात पूर्वी तयार पॅनेलचे कंटेनर उतरत. आता सेल, काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि पॅनेल जोडण्याची यंत्रे उतरतात. अवलंबन एक पायरी मागे सरकले आहे, संपलेले नाही. कारखान्यांतील यंत्रेही बरीचशी चिनी असल्यामुळे २०२० नंतर ती बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांचे व्हिसा अडले, तेव्हा आलेली यंत्रे खोक्यांत पडून राहण्याची वेळ काही देशी उत्पादकांवर आली होती. २०२४ मध्ये सरकारला ते नियम सैल करावे लागले. घणसोलीत ज्यांचे भव्य संकुल आपण रोज पाहतो, त्या रिलायन्सने २०२१ मध्ये आरईसी सोलर ही नॉर्वेत जन्मलेली कंपनी ७७.१ कोटी डॉलरच्या मूल्याला घेतली, तीसुद्धा चायना नॅशनल ब्लूस्टार या चिनी समूहाकडून. तंत्रज्ञान मिळवण्यासाठी पैसा तिकडे गेला, इकडे आला नाही. गुंतवणुकीचा प्रवाह फक्त बाहेरून आत येतो असे समजणाऱ्यांनी हा व्यवहार जरूर अभ्यासावा.

अडवणूक कशी होते, हे चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या बाबतीत दाखवले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने या धातूंवरील प्रक्रियेच्या तंत्रज्ञानाची निर्यात रोखली आणि ४ एप्रिल २०२५ रोजी सात धातू व त्यांचे चुंबक परवान्याखाली आणले. आपल्याकडे त्याचा बोभाटा मोटारगाड्यांमुळे झाला, पण अनेक पवनचक्क्यांच्या जनित्रांतही हेच चुंबक असतात. यासाठी चीनला भारतातील एकाही कंपनीचा एकही समभाग विकत घ्यावा लागला नाही.

दुसरी खरी जागा नियंत्रणाची आहे, आणि तिच्याविषयी ठाणे-नवी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्या कोलमडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद झाली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने भारतीय भार प्रेषण केंद्रांच्या संगणकांत चिनी गटाने शिरकाव केल्याचा अहवाल दिला, राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता वर्तवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती घटना मानवी चुकीमुळे झाल्याचे सांगितले. कारणाबद्दल ही दोन सरकारी मते तशीच राहिली. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीजवळ राज्य भार प्रेषण केंद्राची जी इमारत आहे, तिचे महत्त्व त्या दिवशी सर्वांना कळले. वीज कोणी किती घालायची आणि कधी थांबवायची, हा हुकूम तिथून सुटतो आणि ते केंद्र सरकारी आहे. परदेशी मालकाचा प्रकल्पही त्याच हुकुमाखाली चालतो.

म्हणूनच शहाणे देश वीजनिर्मितीतील आणि जाळ्यातील मालकीला वेगवेगळा न्याय लावतात. कर्जसंकटात सापडलेल्या पोर्तुगालने २०११ मध्ये ईडीपी या वीज कंपनीचा २१ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा चायना थ्री गॉर्जेस या चिनी सरकारी कंपनीला विकला. जर्मनीत २०१८ मध्ये चीनच्या स्टेट ग्रिडने फिफ्टी हर्ट्झ या पारेषण कंपनीचा अवघा २० टक्के वाटा मागितला, तेव्हा सरकारने आपल्या विकास बँकेमार्फत तो स्वतः घेऊन टाकला. लिथुआनिया त्याच्याही पुढे गेला: नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने त्याने १०० किलोवॅटवरील सौर, पवन आणि साठवण प्रकल्पांवरचा चीनमधून होणारा दूरस्थ ताबाच बंद केला. माझ्या मते नेमका प्रश्न त्या छोट्या देशाने विचारला. मालक कोण, याऐवजी बटण कोणाच्या हाती, असा तो प्रश्न आहे.

हे बटण कसे दिसते ते पाहायचे असेल, तर घोडबंदर रस्त्यावरील ज्या सोसायट्यांनी गच्चीवर सौर यंत्रणा बसवली आहे, तिथे जाऊन इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोग्या विजेत बदलणारे यंत्र, पाहा. त्याच्या तळाशी बोटभर लांबीची एक डोंगल असते, तिच्यावर छोटा दिवा लुकलुकत असतो. ती दर काही मिनिटांनी निर्मितीचे आकडे उत्पादकाच्या सर्व्हरवर पाठवते आणि सोसायटीच्या सचिवांना ते मोबाइलवर दिसतात. ज्या वाटेने आकडे जातात, त्याच वाटेने आज्ञा परत येऊ शकते: फर्मवेअर (यंत्राच्या आतली आज्ञावली) बदलता येते, निर्मिती कमी करता येते, इन्व्हर्टर बंदही करता येतो. एका सोसायटीचे ४० किलोवॅट गेल्याने काही बिघडत नाही. पण एकाच उत्पादकाचे हजारो इन्व्हर्टर एकाच क्षणी बंद झाले, तर जाळ्याची वारंवारिता सांभाळणे अवघड होईल. सोलापूरच्या मोठ्या प्रकल्पात हीच रचना मोठ्या आकारात असते.

भारतही या खेळात फक्त यजमान नाही. श्रीलंकेतील जाफन्याजवळच्या तीन बेटांवरील संकरित ऊर्जा प्रकल्प जानेवारी २०२१ मध्ये चिनी कंपनीला मिळाले, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ असल्याने भारताने हरकत घेतली आणि शेवटी १.१ कोटी डॉलरचे अनुदान देऊन मार्च २०२४ मध्ये ते काम बंगळुरूच्या कंपनीकडे आले. नेपाळमधील ज्या जलविद्युत प्रकल्पांत चिनी सहभाग आहे, त्यांची वीज भारत घेत नाही. आपण इतरांबाबत इतके सावध असतो, तर आपल्याबाबत इतरांनीही तसे असण्यात आश्चर्य नाही.

आता आपल्या करारापुरते. प्रकल्पाची कंपनी महाराष्ट्रात, तिची मालक कंपनी मुंबईत, तिची सिंगापूरमध्ये आणि त्या निधीत पैसा घालणारे आणखी कुठे, अशी साखळी असेल. तिच्या अखेरच्या टोकापर्यंतचे अंतिम लाभधारकांचे लेखी प्रतिज्ञापत्र मागा. शेजारी देशाचा नियम तिथे लागू झाला तर भविष्यातील भांडवलवाढ परवानगीसाठी अडेल आणि प्रकल्प अर्धवट राहण्याचा धोका आपल्यावर येईल. इन्व्हर्टर कोणाचे, त्यांचा सर्व्हर भारतात आहे का, दुरून आज्ञा देण्याचे अधिकार कोणाकोणाकडे आहेत आणि ते अधिकार स्थानिक नियंत्रण कक्षाला तोडता येतात का, हे तांत्रिक परिशिष्टात लिहून घ्या. विक्री विभागाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. कायद्यातील बदलाचे कलम शब्दन् शब्द वाचा, कारण सीमाशुल्क वाढले किंवा सेलची यादी लागू झाली की वाढीव खर्च त्या कलमातूनच आपल्या दरावर येतो. प्रकल्प सुरू होण्याच्या तारखेनंतरचा असा कोणताही बोजा मान्य करू नये, असे माझे मत आहे.

आणि मालकी बदलण्याचे कलम सर्वांत अधिक वेळ देऊन वाचा. असे निधी प्रकल्पात पंचवीस वर्षे राहत नाहीत. काही वर्षांनी ते आपला हिस्सा विकतात. शेलने २०२२ मध्ये स्प्रिंग एनर्जी ॲक्टिसकडून घेतली, सॉफ्टबँकेने २०२१ मध्ये आपला भारतातील सौर व्यवसाय अदानी ग्रीनला विकला. म्हणजे आज ज्या सिंगापूरच्या निधीविषयी आपण चर्चा करत आहात, तो दहाव्या वर्षी तिथे नसण्याचीच शक्यता जास्त आहे. समूह-कॅप्टिव्हच्या नियमांनुसार वीज वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के समभाग असावे लागतात आणि निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी लागते. एखाद्या वर्षी ही अट चुकली तर त्या वर्षाच्या संपूर्ण विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार (बाहेरून वीज घेणाऱ्याने महावितरणला द्यायची जादा रक्कम) लागतो. नव्या मालकाने समभागांची फेररचना केली आणि त्या गडबडीत आपला वाटा कमी भरला, तर फटका आपल्याला बसेल. त्यामुळे नियंत्रण बदलण्यापूर्वी आपली लेखी संमती, कॅप्टिव्ह दर्जा गेल्यास अधिभाराची भरपाई विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने संयुक्तपणे देण्याची हमी, आणि नवा मालक आपल्याला मान्य नसल्यास आपले समभाग ठरलेल्या किमतीला परत करून बाहेर पडण्याचा हक्क, या तीन गोष्टी मसुद्यात आहेत का ते पुढच्या बैठकीपूर्वी आपल्या वकिलांकडून तपासून घ्या.